सांडपाण्याचे नमुने घेणारी बेळगावची सेवा : एका डेअरीचा अनुभव

निपाणी परिसरातील आमच्या दूध प्रक्रिया केंद्राच्या सांडपाण्याची तपासणी सध्या बेळगावातील एका खासगी प्रयोगशाळेकडे आहे. तिच्या यंत्रसामग्रीविषयी वेगळे लिहिण्यासारखे काही नाही. एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत तेवढे असायलाच हवे. तिचे वेगळेपण नमुना घेण्यात आहे, आणि अहवालातील आकड्याला किंमत येते ती तिथूनच. पूर्वी ज्यांच्याकडे आमचे काम होते ते 'बाटली भरून सकाळच्या बसने पाठवून द्या' असे सांगत, आणि उन्हातून सुमारे ७५ किलोमीटर हिंदकळत गेलेल्या त्या बाटलीवरून आमच्या ईटीपीची, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण संयंत्राची, परीक्षा होत असे.

आता प्रयोगशाळेचा माणूस स्वतःच्या बाटल्या आणि बर्फाची पेटी घेऊन येतो. आउटलेटवर, म्हणजे ईटीपीतून पाणी बाहेर पडते तिथे, फेस बाजूला सारून, पाणी नीट मिसळलेले असते अशा जागी, प्रवाहाच्या मध्यातून आणि पृष्ठभागाच्या थोडे खालून तो नमुना घेतो. पीएच (पाणी किती आम्लधर्मी वा अल्कधर्मी आहे त्याचे माप) आणि तापमान वाटेत बदलतात, म्हणून ती मोजणी जागेवरच होते. बीओडीची (जिवाणूंना घाण कुजवायला लागणाऱ्या प्राणवायूच्या मोजणीची) बाटली तो हवेचा बुडबुडा न ठेवता काठोकाठ भरतो आणि लगेच बर्फात ठेवतो. तिच्यात आम्ल घालत नाहीत, कारण ज्या जिवाणूंनी वापरलेला प्राणवायू मोजायचा तेच आम्लाने मरतात. सीओडीच्या (तीच घाण रसायनाने जाळायला लागणाऱ्या प्राणवायूच्या मोजणीच्या) बाटलीत मात्र पीएच २ च्या खाली येईपर्यंत सल्फ्युरिक आम्ल घातले जाते. तो पुरेसा उतरला की नाही हे पाहताना हा माणूस पीएच कागद बाटलीत बुडवत नाही. काचेच्या कांडीने एक थेंब कागदावर टेकवतो. तेल व ग्रीससाठी रुंद तोंडाची काचेची बाटली असते आणि ती नमुन्याच्या पाण्याने विसळली जात नाही. स्निग्धांश काचेला चिकटतो, त्यामुळे विसळून पाणी ओतले तरी तो आत राहतो आणि आकडा खोटाच वाढतो. डेअरीच्या दृष्टीने ही बाब सर्वांत महत्त्वाची आहे, आणि आमच्या पाहण्यात ती सर्वांत जास्त दुर्लक्षिली जाणारीही तीच.

डेअरीचे सांडपाणी दिवसभर सारखे नसते. टाक्या आणि पाइपलाइन कॉस्टिक सोड्याने धुतल्या की पीएच वर उसळतो, नायट्रिक आम्लाची फेरी आली की खाली कोसळतो, आणि टँकर धुताना सगळा दुधाळ लोंढा येतो. त्यामुळे इनलेटला, म्हणजे ईटीपीत पाणी शिरते तिथे, एका वेळी भरलेली एकच बाटली त्या घटकेपुरतेच सांगते. या प्रयोगशाळेचा माणूस पूर्ण पाळी थांबून तासातासाला प्रवाहाच्या प्रमाणात पाणी घेतो आणि बर्फात ठेवलेल्या कॅनमध्ये एकत्र करतो. तेल व ग्रीसचा नमुना मात्र असा एकत्र करता येत नाही. त्याच्या बाटल्या सुट्याच घेतल्या जातात. पाळीभर थांबण्याचे वेगळे पैसे पडतात, पण ते वसूल होतात.

उणिवाही आहेत. बर्फाच्या पेटीत थर्मामीटर नसतो. नमुना ४ अंशांच्या आसपास राहायला हवा, आणि मे महिन्यात बेळगाव गाठेपर्यंत बर्फाचे पाणी झाले तर ते पेटी उघडल्याशिवाय कळण्याची सोय नाही. नमुना कोणी, केव्हा, कोणाच्या ताब्यात दिला याची नोंद करणारा फॉर्म केवळ इंग्रजीत आहे. आमचे ऑपरेटर मराठी आणि कन्नड वाचतात. ज्यावर सही करायची तो कागद त्यांना वाचता येऊ नये, हे बरे नव्हे. गुरुवारी सेवा मिळत नाही आणि त्याचे कारणही सांगितले जात नाही. ते उघड आहे म्हणा : बीओडीच्या बाटल्या २७ अंशांवर ३ दिवस ठेवाव्या लागतात, म्हणजे गुरुवारी लावलेल्या बाटल्यांचे वाचन नेमके सुट्टीच्या रविवारी येते. हीच गोष्ट पहिल्याच फोनवर सांगितली असती तर रागावण्याचे कारण उरले नसते.

गळीत हंगाम सुरू झाला की चिकोडी आणि अथणी तालुक्यांतील साखर कारखान्यांच्या कामात यांची माणसे गुंतलेली असतात, म्हणून पाळीभराच्या नमुन्याची तारीख दिवाळीपूर्वीच नक्की करून घ्यावी, आणि टँकर व टाक्या धुण्याच्या वेळा त्याच वेळी लेखी कळवाव्यात.