यूपीआय लाइट आठ महिने वापरलं, कार्डचं कर्ज फेडताना

यूपीआय लाइट म्हणजे यूपीआय अ‍ॅपमधलंच छोटं पाकीट, बँक खात्यातून थोडे पैसे आधी त्यात टाकून ठेवायचे. आधीच सांगतो, हे कर्ज फेडायला काढलेलं नाहीये, चिल्लर पेमेंट पटापट व्हावीत म्हणून २०२२ ला आलं. मी ते भलत्याच कामाला जुंपलं.

क्रेडिट कार्डावर ८६ हजार बाकी होती. मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली कमीत कमी भरायची रक्कम, म्हणून ४३०० भरायचो आणि वाटायचं चला, बिल भरलं. महिना साडेतीन टक्क्यांनी ३००० व्याज, त्यावर जीएसटी, म्हणजे मुद्दलातून जेमतेम साडेसातशे कमी व्हायचे, वर बाकी ठेवली की नवीन खरेदीवर पण पहिल्या दिवसापासून व्याज चालू, हे मला कस्टमर केअरने नाही, मेव्हण्याने समजावलं. कार्ड गेलं कपाटात. तरी पगार वीस तारखेलाच साफ! स्टेटमेंट काढलं तर १२, ३०, ४५, ६०, नुसता चहा-वडापाव-रिक्षा, चार पानं.

मग दर सोमवारी लाइटमध्ये १५०० टाकायला लागलो. त्यात एका वेळी ५००० पर्यंत ठेवता येतात आणि हजारापर्यंतचं पेमेंट पिन न टाकता होतं. मला भीती हीच होती की पिन नाही म्हणजे हात अजून सुटणार, पण झालं उलटंच. लाइटमधले संपले की अ‍ॅप मेन अकाउंट पुढे करतं आणि पिन मागतं. एका शनिवारी अमृततुल्यवर दोन चहाचे २४ द्यायचे होते, लाइटमध्ये उरलेले १४, स्क्रीनवर पिनचे ते रिकामे गोल आले आणि मी चक्क फोन खिशात टाकला, मित्राला म्हटलं आज तू दे. एरवी पिन कसा बोटातून आपोआप जायचा, आता पिन दिसला की कळतं आठवड्याचं बजेट संपलं.

खटकलेल्या गोष्टी पण आहेत. ऑटो टॉप-अप अजिबात चालू करू नका, पहिल्याच आठवड्यात माझ्याकडून घाईत ओके दाबलं गेलं आणि पैसे कमी झाले की आपोआप भरत राहिले, मग कसलं आलंय बजेट. दुसरं म्हणजे बँकेच्या पासबुकात फक्त १५०० टाकल्याची एकच एंट्री दिसते, कुठे गेले ते अ‍ॅपच्या हिस्टरीतच बघावं लागतं, त्यावरून घरी एकदा वाजलंय. लाइटमध्ये पडलेल्या पैशांवर व्याज नाही. आणि फोन बदलायचा असेल तर आधी लाइट बंद करा, म्हणजे उरलेले पैसे खात्यात परत येतात.

किराणा, लाइटबिल, गॅस यातून भरत नाही, ते वेगळं. हे फक्त माझ्या सुटलेल्या हातासाठी. पाचपैकी साडेतीन स्टार, अर्धा त्या ऑटो टॉप-अपमुळे कापला.

कार्डाची बाकी आता ३१ हजारावर आलीय. या महिन्यापासून सोमवारचे १५०० चे १३०० केलेत, पहिल्याच आठवड्यात गुरुवारी पिन मागितला.