क्योतोचा निशिकी बाजार : खाऱ्या बांगड्याच्या ओढीने

क्योतोला जाणाऱ्या गोमंतकीयांनी देवळांच्या यादीतून एक पूर्ण सकाळ निशिकी बाजारासाठी राखून ठेवावी, असे मी आग्रहाने सांगेन. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात वाढलेल्या माणसाला रंगीत छताखालचा हा सुमारे ३९० मीटरांचा अरुंद रस्ता आणि त्यावरची शंभराहून अधिक दुकाने परकी वाटत नाहीत. येथील जमिनीखालचे पाणी बाराही महिने थंड असते. बर्फ नव्हता त्या काळात मासळी त्यावरच टिकत असे, आणि १६१५ साली येथील मासळीविक्रीला अधिकृत परवाना मिळाला. पूर्वेच्या टोकाला असलेल्या निशिकी तेनमान्गू देवस्थानात आम्ही ते पाणी ओंजळीने प्यालो.

बाजाराचे खरे वैभव मात्र साबाझुशी. क्योतो समुद्रापासून दूर असल्यामुळे वाकासाच्या किनाऱ्यावरचा साबा, म्हणजे आपल्या बांगड्याचा भाऊबंद, मीठ लावून डोंगरवाटेने शहरात आणला जाई आणि पोहोचेपर्यंत मीठ त्यात मुरलेले असे. त्या वाटेला आजही ‘साबा काइदो’ म्हणतात. शिरक्यात मुरवलेला हा मासा आंबूस भाताच्या लांबट वडीवर दाबून बसवतात आणि त्याभोवती कोंबू हे समुद्री शेवाळ गुंडाळतात. पावसाळ्याच्या बेगमीला दर मे महिन्यात खारे बांगडे भरून ठेवणाऱ्या माझ्या आईने पहिला घास घेतला आणि दुसरा मागितला. परदेशात तिने आपणहून काही मागण्याची ती पहिलीच वेळ होती.

काडीला टोचलेल्या मासळीच्या मोहात मात्र पडू नये. एका दुकानात आम्ही घेतलेली कोळंबी थंड होती आणि दाम दुप्पट वाटला. येथे चालता चालता खाणे शिष्टसंमत नाही; जिथे घेतले तिथेच उभे राहून संपवावे.

खरेदीसाठी आरित्सुगु हे १५६० सालापासूनचे सुऱ्यांचे दुकान पाहावेच. येथे पात्यावर गिऱ्हाइकाचे नाव कोरून देतात. आईचे नाव जपानी लिपीत कोरले जात असताना ती श्वास रोखून पाहत होती. साधे पोलादी पाते धारेला उत्तम, पण आपल्या दमट हवेत ते प्रत्येक वेळी कोरडे पुसून तेल लावून ठेवावे लागते, म्हणून आम्ही गंजाला दाद न देणारे घेतले. सुरी विमानात हातातल्या पिशवीत नेता येत नाही, हे ध्यानात असावे.

यात्सुहाशी ही तांदळाच्या पिठाची, दालचिनीच्या वासाची मिठाई मोदकाच्या पारीची आठवण देते. घ्यावी, पण ताजी आवृत्ती फार दिवस टिकत नाही. त्यापेक्षा वांग्याचे जांभळट शिबाझुके लोणचे अधिक घ्यावे. आम्ही एकच पाकीट आणले आणि घरी पेजेबरोबर ते चार दिवसांत संपले.