कॅमेऱ्यावर फडकं टाकलं तरी गाडी वळली

फायनल इयरचं प्रोजेक्ट म्हणून ‘लेन ओळखून स्वतः चालणारी गाडी’ असं आम्ही ऐटीत लिहून दिलं होतं. मुदत जवळ आली तेव्हा हातात सांगाडा, दोन मोटरी आणि एक रास्पबेरी पाय (तळहाताएवढा कॉम्प्युटर) एवढंच होतं. मग चौघांनी वर्गणी काढून तयार किट मागवलं. ‘ट्रेन केलेलं मॉडेल सोबत आहे, फक्त चालू करा,’ म्हणजे चित्रं दाखवून आधीच शिकवलेला प्रोग्रॅम तयार आहे, असं विकणाऱ्याने सांगितलं आणि त्याचा व्हिडिओ बघून आम्ही पाघळलो. आम्हालाही कष्ट वाचवायचेच होते, ते कशाला लपवू!

किटसोबत ट्रॅकची मॅट आली, तिच्यावर एका जागी फुली मारलेली. सूचना दोनच. गाडी फुलीवरूनच सोडायची आणि दर वेळी बॅटरी फुल चार्ज हवी. ‘कॅलिब्रेशन असतं ना सर, म्हणून.’ आम्ही माना डोलावल्या. इंजिनिअरिंगच्या पोरांसमोर ‘कॅलिब्रेशन’ म्हटलं की पुढचा प्रश्न सुचत नाही.

आठवडाभर गाडी झकास पळाली. स्क्रीनवर कॅमेऱ्याचं चित्र, त्यावर हिरव्या रेषा, खाली स्टिअरिंगचा अंश भराभर बदलतोय. रिव्ह्यूच्या दिवशी गाईड मॅडमनी फळा पुसायचं फडकं उचललं, कॅमेऱ्यावर टाकलं आणि म्हणाल्या, ‘सोडा आता.’

गाडीने अख्खी फेरी मारली. एकही वळण चुकलं नाही. भिंतीवर जाऊन आदळली असती तर निदान अब्रू राहिली असती.

रात्री कोड उघडला. तोवर चौघांपैकी एकानेही उघडला नव्हता! मॉडेल लोड होत होतं, अंशही काढत होतं, पण तो आकडा नुसता स्क्रीनवर छापला जात होता. मोटरींना हुकूम सोडणारी यादी वेगळीच होती. इतके सेकंद सरळ, इतके सेकंद डावीकडे, पुन्हा सरळ. अशा चौदा ओळी.

फुलीचं कोडं तिथेच सुटलं, फुल चार्जचंही. चाकांना एन्कोडर (फेरे मोजणारे सेन्सर) नव्हते, म्हणजे किती अंतर कापलं हे गाडीला कळायची सोयच नाही. लिथियमचे दोन सेल सिरीजमध्ये (एकापुढे एक) जोडले की फुल असताना ८.४ व्होल्ट देतात. ते उतरले की मोटर मंदावते, तेवढ्याच सेकंदांत गाडी कमी पुढे जाते आणि वळण यायच्या आधीच वळते. त्या सेलवर क्षमताही ९९०० एमएएच (मिलिअँपिअर-तास) छापलेली होती. या १८६५० नावाच्या आकाराचा चांगल्यातला चांगला सेल साडेतीन हजारांच्या आसपास थांबतो. म्हणजे तिथेही थापच.

विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे, ‘तुम्ही कोडला हात लावलात, वॉरंटी गेली.’ दुसऱ्या दिवशी त्याने नंबर ब्लॉक केला.

कोणी असं किट घेणारच असाल, तर पैसे देण्याआधी व्हिडिओ कॉलवर त्याला लेन्स झाकायला सांगा. गाडी उलट्या दिशेने सोडायला सांगा. आणि चालत्या गाडीला बोटाने जरा तिरकं ढकलायला लावा, सोंग तिथे हमखास उघडं पडतं. खरी गाडी रेषेत परत येते, कारण तिला ते शिकवावं लागतं. एनव्हिडिया या चिप बनवणाऱ्या कंपनीने २०१६ मध्ये कॅमेऱ्याच्या चित्रावरून थेट स्टिअरिंग शिकवलं, तेव्हा मुद्दाम बाजूच्या कॅमेऱ्यांची चित्रंही घेतली होती. नुसतं नीट चालवलेलं दाखवून भरकटल्यावर सावरणं शिकवता येत नाही. या सगळ्या ट्रेनिंगसाठी सुमारे ७२ तासांचं ड्रायव्हिंग त्यांनी जमवलं होतं. आमच्या किटमध्ये ट्रेनिंगचा एकही फोटो नव्हता, आणि तो मागावा हे कोणाच्या डोक्यातही आलं नाही.

उरलेल्या तीन आठवड्यांत ओपनसीव्ही (चित्रांवर काम करणारी तयार कोड-लायब्ररी) वापरून चित्रातल्या रेषांच्या कडा शोधणारा साधा प्रोग्रॅम आम्हीच लिहिला. गाडी मुंगीच्या पावलांनी चालते, उन्हाची तिरीप मॅटवर आली की गोंधळते, तिसऱ्या वळणाला अजूनही बाहेर जाते. व्हायवाला मॅडमनी पुन्हा फडकं टाकलं. गाडी जागच्या जागी थांबली.