बी १ ची परीक्षा: ग्योथे की टेल्क?

मिरजेत नर्सिंग करून जर्मन शिकायला येणाऱ्या मुली सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या क्लासात पहिल्याच आठवड्यात विचारतात, "मॅडम, सोपी कुठली?" ग्योथे म्हणजे ग्योथे इन्स्टिट्यूटची जर्मनची परीक्षा, टेल्क म्हणजे त्याच नावाच्या संस्थेची. बी १ ही भाषेच्या सहा पातळ्यांतली तिसरी, बी २ चौथी. दोन्ही परीक्षा बी १ च्याच पातळीच्या. फरक आहे तो गुणांच्या वाटणीत.

ग्योथेत वाचन, श्रवण, लेखन, संभाषण असे चार सुटे भाग. प्रत्येक १०० गुणांचा, आणि प्रत्येकात ६० हवेतच. वाचनात ९० पडले म्हणून लेखनातले ५५ तरत नाहीत.

टेल्कचा कारभार एकत्र कुटुंबासारखा, कमावता न कमावत्याला सांभाळून घेतो. एकूण गुण ३००. त्यात लेखी २२५: वाचन ७५, व्याकरणाच्या गाळलेल्या जागा ३०, श्रवण ७५, पत्र ४५. उरलेले ७५ तोंडीचे. लेखीत मिळून १३५ आणि तोंडीत ४५ आले की पास. समजा वाचनात ६०, गाळलेल्या जागांत २४, श्रवणात ३५, पत्रात २१. बेरीज १४०, सुटलात! हीच टक्केवारी ग्योथेत पडली असती तर श्रवण आणि लेखन दोन्ही गेले असते.

पण नापास झाल्यावर पारडं फिरतं. ग्योथेत राहिलेला तेवढाच भाग पुन्हा देता येतो. टेल्कच्या लेखीत १३० वर अडकलात, तर घोटाळा एकट्या श्रवणाचा असला तरी अख्खी लेखी पुन्हा.

आता आमच्या मुलांची खोड. ग्योथेच्या वाचनात ३० प्रश्न, सगळे सारख्याच वजनाचे. टेल्कच्या वाचनात तसं नाही: दुसऱ्या भागातला एकेक प्रश्न ५ गुणांचा, तिसऱ्यातला अडीचचा आणि गाळलेली जागा फक्त दीडची. वाचन आणि गाळलेल्या जागांना मिळून ९० मिनिटं. बोर्डाच्या व्याकरणावर वाढलेली आपली मुलं त्या दीड-दीड गुणांवर ठाण मांडून बसतात आणि ५-५ गुणांच्या प्रश्नांचा उतारा घाईत उरकतात. उलटं करा.

लेखनात टेल्कला अर्ध्या तासात एक पत्र. ग्योथेला तासाभरात तीन मजकूर, ४०, ४० आणि २० गुणांचे. तोंडीत ग्योथे नुसत्या उच्चारांना १०० पैकी १६ देते, हे बऱ्याच जणींना ठाऊकच नसतं.

माझं विचाराल तर नर्सिंगच्या मुलींनी ग्योथे द्यावी. त्यांना पुढे बहुधा बी २ लागतंच, आणि पत्र लिहिता येत नाही हे बी १ लाच कळलेलं परवडतं. ज्यांना बी १ वरच थांबायचंय आणि वाचन पक्कं आहे, त्यांनी खुशाल टेल्क द्यावी. मात्र फी भरण्याआधी ज्याला प्रमाणपत्र दाखवायचंय तो कुठलं धरतो ते लेखी विचारून घ्या. एजंटच्या फोनवरच्या "चालतंय की" वर जाऊ नका.