नाव १०५० टीआय, आत जीटीएस ४५०

फोटो एडिटिंगसाठी डेस्कटॉप असेंबल करून घ्यायचा होता. आपल्याला यातलं थोडंफार कळतं, असा माझा समज होता. फसायला तेवढा पुरला.

असेंबल करून देणाऱ्याने यादी केली: आय५ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, एसएसडी, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड. बजेट वर जायला लागलं, तसा तो म्हणाला, "मॉनिटर साधा घ्या, पण कार्डात काटकसर नको. एनव्हिडियाचं जीटीएक्स १०५० टीआय टाकतो." मी आयपीएस, म्हणजे रंग जास्त अचूक दाखवणारा, मॉनिटर रद्द केला. लिहिताना आजही लाज वाटते. रंगांचं काम करणाऱ्याने नेमकं तेच सोडायचं नसतं. लाइटरूम या फोटो एडिटिंग सॉफ्टवेअरच्या रोजच्या कामाला आधी प्रोसेसर आणि रॅम लागते, कार्डाचा नंबर नंतर.

मशीन आलं. विंडोजमध्ये कार्डाचं नाव बरोबर, मेमरीही ४ जीबी. निघताना तो म्हणाला, "ड्रायव्हर अपडेटच्या भानगडीत पडू नका हं, मी टाकलेला एकदम सेट आहे." मला वाटलं, किती काळजी घेतो माणूस!

मग रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातल्या मूळ, फाइल्स उघडल्या. स्लायडर सरकवला की चित्र हलायला दोन सेकंद. काही दिवसांनी लाइटरूमनेच कळवलं, की एरर आल्यामुळे ग्राफिक्स प्रोसेसरचा वापर बंद केला आहे. फोन केला, तर पहिला प्रश्न: "सॉफ्टवेअर क्रॅकवालं आहे का?" म्हणजे चोर मीच! (दर महिन्याला पैसे भरतो मी त्याचे.) वैतागून ड्रायव्हर अपडेट केला आणि स्क्रीन काळी पडली.

सेफ मोडमधून कसाबसा जुना ड्रायव्हर परत आणला आणि जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं फुकटातलं टूल चालवलं. कार्डाच्या नावाआधी चौकटी कंसात 'फेक' आणि एनव्हिडियाच्या लोगोच्या जागी उद्गारचिन्हाचा त्रिकोण. २०१८ पासून ते अशी कार्डं ओळखतं, हे मला नंतर कळलं. चिप थंड ठेवणारा हीटसिंक काढून त्याखालची पेस्ट पुसली, तर चिपवर छापलेलं जीएफ१०६. म्हणजे २०१० सालचं जीटीएस ४५०, बायोस (कार्डाची ओळख सांगणारा त्यातलाच प्रोग्राम) बदलून नवं नाव चढवलेलं. खऱ्या १०५० टीआयमध्ये ७६८ कोअर असतात, यात १९२. ४ जीबीचा आकडाही बायोसमध्ये नुसता लिहिलेला, खोटाच.

सगळ्यात जास्त चीड आली ती मागच्या बाजूच्या निळ्या व्हीजीए या जुन्या, अॅनालॉग सिग्नलच्या पोर्टची. १०५० टीआयची चिप अॅनालॉग सिग्नल देतच नाही, त्यामुळे त्या कार्डावर व्हीजीए असायचं कारणच नाही. आणि साध्या मॉनिटरची केबल मी माझ्या हाताने त्यातच खोचून, स्क्रू आवळून बसवली होती.

जाब विचारला, तर म्हणाला, "बिलात १०५० कुठे लिहिलंय?" खरंच नव्हतं. '४ जीबी ग्राफिक्स कार्ड', बस्स. ना कंपनी, ना मॉडेल, ना सीरियल नंबर. तुम्ही घेत असाल, तर हे तिन्ही बिलावर लिहून घ्या, आणि पैसे द्यायच्या आधी त्याच्यासमोरच जीपीयू-झेड चालवा. रॅमही उघडून बघा. मला ८-८ च्या दोन पट्ट्या सांगून १६ ची एकच लावली होती.

शेवटी ते कार्ड उपटून काढलं आणि केबल मदरबोर्डला लावली. प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर लाइटरूम चालू आहे. ती एरर पुन्हा आलेली नाही.