पॅसिव्ह की अ‍ॅक्टिव्ह हार्मोनिक फिल्टर?

व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण) बसवल्यापासून कपॅसिटर फुगू लागलेल्या एका सूतगिरणीच्या व्यवस्थापकांपुढे प्रश्न होता : व्हीएफडीमुळे वाढणारे हार्मोनिक, म्हणजे मूळ ५० हर्ट्झच्या पटीतले अनिष्ट प्रवाह, गाळायला पॅसिव्ह फिल्टर घ्यावा की अ‍ॅक्टिव्ह? खर्चात पॅसिव्ह निर्विवाद स्वस्त; पण चोक (तारेचे वेटोळे) आणि कपॅसिटर यांची ही जोडी बहुधा पाचव्या हार्मोनिकसाठी, म्हणजे २५० हर्ट्झच्या आसपास जुळवलेली असते आणि भार उतरला की तीच पॉवर फॅक्टर (वीज किती कार्यक्षमपणे वापरली जाते याचे माप) लीडिंगकडे, म्हणजे प्रवाह व्होल्टेजच्या पुढे धावेल अशा स्थितीकडे, ढकलते. अ‍ॅक्टिव्ह फिल्टर सीटीवरून (प्रवाह मोजणारा ट्रान्सफॉर्मर) प्रवाह मोजून आयजीबीटीद्वारे (वेगवान इलेक्ट्रॉनिक स्विच) हार्मोनिकच्या उलट प्रवाह सोडतो, त्यामुळे बदलता भारही तो सांभाळतो. देखभालीत मात्र तो नाजूक : कापसाचे तंतू (आणि गिरणीत ते कुठे नसतात?) पंख्यात अडकले की तापतो. भार दिवसरात्र एकसारखा असेल तर पॅसिव्ह पुरेसा आहे. पाळीगणिक यंत्रे चालू-बंद होत असतील, तर अ‍ॅक्टिव्हच घ्यावा.