लाल रकान्यातला गहू

माझ्या नऊ वर्षांच्या मुलीचे पोट सतत फुगत असे, वजन वाढत नव्हते आणि लोहाचे औषध चालू असूनही हिमोग्लोबिन जागचे हलत नव्हते. अशा वेळी सोसायटीच्या सभागृहात भरलेल्या ॲलर्जीच्या शिबिरात आम्ही गेलो.

७,८०० रुपये घेऊन तिचे रक्त ९० पदार्थांसाठी तपासले गेले. अहवालात गहू, दूध, तूरडाळ आणि शेंगदाणे लाल रकान्यात होते, तर तिने कधीच न चाखलेले शिंपले नि खेकडे हिरव्या रकान्यात. आमच्या घरात रोज शिजते तेच नेमके लाल कसे, हे मला तेव्हाच खटकायला हवे होते. ती तपासणी आयजीजी प्रतिपिंडांची, म्हणजे रक्तातल्या एका प्रकारच्या संरक्षक प्रथिनांची होती. आपण जे अन्न खातो त्याविरुद्ध ही प्रतिपिंडे निरोगी माणसातही तयार होतात, त्यामुळे त्यांवरून ॲलर्जी ठरवू नये, असे युरोपातील ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच सांगितले आहे. गव्हाची नेहमी आढळणारी ॲलर्जी आयजीई प्रतिपिंडांमुळे होते. तीत गहू पोटात गेल्यावर बहुधा काही मिनिटांत ते दोन तासांत अंगावर पित्त उठते, ओठ सुजतात, कधी धाप लागते. माझ्या मुलीला यातले काहीही होत नव्हते.

तरीही ॲलर्जी ‘मुळापासून घालवणारे’ थेंब आम्ही दरमहा २,५०० रुपयांना घेतले आणि गहू बंद केला. तिला आराम पडला. श्रेय अर्थातच थेंबांना गेले. चार महिन्यांनी बालरोगतज्ज्ञांनी सिलिॲक आजाराची शंका घेतली, पण गहू बंद असताना या आजारासाठीची टीटीजी ही रक्ततपासणी फसवी येऊ शकते म्हणून त्या पोरीला सहा आठवडे रोज पोळी खायला लावावी लागली. ते दिवस आठवले की आजही राग येतो, त्यातला निम्मा स्वतःचाच. टीटीजी कितीतरी पट वाढलेले निघाले आणि लहान आतड्याच्या बायोप्सीने निदान पक्के झाले. हा आजार म्हणजे ॲलर्जी नव्हे: गहू-जवातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्याला इजा करते. आता गहू, रवा, मैदा आणि जव जन्मभर बंद. ज्वारी-नाचणीची भाकरी चालते, पण बांधणीच्या हिंगातही गव्हाचे पीठ असू शकते, म्हणून डबीवरचे घटक वाचावे लागतात.

पैसे परत मागायला पावती काढली, तेव्हा तिच्यावर फक्त ‘आहार मार्गदर्शन शुल्क’ असे छापलेले होते. ना तपासणीचे नाव, ना कोणा डॉक्टरचा नोंदणी क्रमांक.